पाण्यातला चष्मा मागून आणताना

सांगलीहून मालवणला जायचं तर माणूस सकाळी कोल्हापूरची एस.टी. धरतो, तिथून घाट उतरतो आणि दिवस मावळायच्या आत समुद्रावर पोचतो. आम्ही वडूजवरून गेलो. ज्यांना नकाशा ठाऊक आहे त्यांना इथंच हसू येईल. मालवण खाली, कोकणात. वडूज बरोबर उलट्या दिशेला, खटाव तालुक्याच्या माळावर, जिथं विहिरीला पाणी किती हे बघून सोयरिकी ठरतात. समुद्रात घालायचा चष्मा आणायला आम्ही तिथं गेलो होतो. पाच दिवसांच्या सहलीतले तीन दिवस त्यात गेले. म्हणून मालवण कसं आहे असं विचारायला जो येतो, त्याला मी आधी हे तीन दिवस ऐकवते.

माधवनगर

आम्ही राहतो माधवनगरला आणि मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. अठरा वर्षं झाली. दर वर्षी पोवळ्याचा पाठ आला की मी कपाटातून एक पांढरा खडबडीत तुकडा काढते, वर्गात हातोहात फिरवते आणि सांगते की हा दगड नव्हे, ही हजारो प्राण्यांची वसाहत आहे, एकेका छिद्रात एकेक प्राणी आणि त्याला सहाच्या पटीत इवल्या इवल्या भुजा. मुलं वहीत लिहून घेतात. पण मी स्वतः यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. तो तुकडा कधीचा मेलेला कुणास ठाऊक, आणि मी त्याच्या जिवंतपणाबद्दल अठरा वर्षं बोलत होते. मला याची मनातून लाज वाटायची. एकदा तरी जिवंत पोवळं या डोळ्यांनी बघायचं, एवढंच माझं मागणं होतं.

मालवणला शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीचं, सुमनचं, पत्र आलं. किल्ल्याच्या पलीकडे पुरुषभर पाण्यात खडकांवर पोवळं आहे, कोळी लोक जागा दाखवतात, नाताळात पाणी नितळ असतं, ये. दिनकररावांना, म्हणजे आमच्या यजमानांना, बँकेतून पाच दिवसांची रजा मिळाली. दिनकररावांना पोहता येत नाही, पण मला येतं. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी कृष्णेत ढकललं होतं तेव्हापासून येतं. प्रश्न एकच राहिला होता. पाण्याखाली बघायचं तर डोळे आणि नाक झाकणारा काचेचा रबरी चष्मा हवा, आणि तोंडात धरायची श्वासाची नळी हवी.

सांगलीतल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मुंबईहून मागवतो, आठवड्यात येईल. मी पर्स उघडली. दिनकररावांनी ती मिटली.

"विकत कशाला? बापूकडं आहे की."

बापूराव हे यांचे धाकटे चुलतभाऊ. वडूजच्या त्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, पण बापूराव नौदलात गेले आणि तिथं पाणबुडे झाले. निवृत्त होऊन गावी आले ते चष्मा, नळी आणि बदकासारखे रबरी पाय घेऊन. ज्या गावात ओढ्याला वर्षातून चार महिने पाणी, त्या गावात!

"अहो, चार दिवसांच्या वापरासाठी वडूजला जायचं, मागून आणायचं, परत द्यायला पुन्हा वडूजला जायचं," मी म्हणाले, "त्यापेक्षा विकत घेतलेलं काय वाईट?"

"आणि बापूला कळलं तर? घरात असताना बाजारातनं आणलं म्हणून जन्मभर बोलेल."

मला राग आला तो याचा. आमच्याकडे वस्तू विकत घेण्याआधी ती कुणा नातेवाइकाकडे आहे का याचा शोध घ्यावा लागतो, आणि असली तर विकत घेणं हा त्याचा अपमान होतो. शेवयाचं यंत्र एकाकडे, मोठी पातेली दुसऱ्याकडे, लोकरीचा कोट तिसऱ्याकडे. कोट आणायला जावं तर जेवायला थांबावं लागतं आणि परत करायला जावं तर पुन्हा जेवावं लागतं. मी मधला मार्ग काढला. आमच्या चौकातला सायकलवाला तासावर सायकल देतो. पैसे द्यावेत, सायकल घ्यावी, वेळेत परत करावी, कुणाच्या घरी बसावं लागत नाही. तसाच चष्मा भाड्यानं घेऊ. मी बापूरावांना कार्ड लिहिलं. आमची गरज सांगितली, येण्याचा दिवस कळवला, आणि शेवटी लिहिलं, "योग्य ते भाडं कृपया घ्यावं, संकोच करू नये." दिनकररावांना न दाखवता ते पेटीत टाकलं. त्या एका ओळीनं माझी सुट्टी खाल्ली.

वडूज

विटा, मायणी करत दुपारी पोचलो. ज्वारी कमरेएवढी उभी होती आणि थंडी असूनही ऊन टोचत होतं. बापूराव ओट्यावर बसले होते. उभे राहिले नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून माझं कार्ड डोकावत होतं.

"या वैनी," ते म्हणाले. "कारड मिळालं तुमचं. आमी वाचलं. आळीनंबी वाचलं."

"बापू, काय झालं?" दिनकररावांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काय न्हाई दादा. वैनींनी भाडं इचारलंय. आमी काय मांडववालं हाय व्हय? सतरंज्या, गॅसबत्त्या, चष्मं भाड्यानं मिळतील, असा बोर्ड लावू का दारावर?"

दिनकररावांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बँकेत खोटी नोट सापडल्यावर बघत असतील. मी कार्डाचा अर्थ समजावून सांगायला लागले, तुमचं नुकसान होऊ नये, वस्तू झिजते वगैरे. जितकं बोलावं तितकं बिघडत गेलं. आतून जाऊबाई, पारूबाई, पाणी घेऊन आल्या आणि तांब्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "आता ऱ्हावं लागंल बरं का वैनी. लय मनाला लावून घ्येतलंय त्यांनी."

संध्याकाळची गाडी धरून सातारा, तिथून कोल्हापूर असा माझा बेत होता. तो तिथंच संपला. बोकडाचं मटण शिजायला घातलं गेलं. ते शिजेपर्यंत भावकीतली माणसं एकेक करून आली, आणि जो येईल त्याच्या हातात बापूराव ते कार्ड देत. तो वाचायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "शिकल्याली मानसं." माझं अक्षर चांगलं आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नकोसं झालं.

चष्मा कुठं आहे हे कुणी बोलेना. मी एकदा विचारलं तर बापूराव म्हणाले, "ज्येवा आधी." जेवण मात्र असं होतं की माझा राग अर्धा उतरला. पातळ लालभडक रस्सा, टम्म फुगलेल्या बाजरीच्या भाकरी आणि वर कांदा बुक्की मारून फोडलेला. सांगलीत आम्ही गव्हाच्या पोळीशी मटण खातो, ते किती मिळमिळीत असतं हे भाकरीचा पहिला तुकडा मोडल्यावर कळलं. बापूराव आग्रह करून वाढत होते आणि प्रत्येक पळीबरोबर म्हणत होते, "घ्या वैनी, भाडं न्हाई."

अजूनही वडूजच

सकाळी बापूरावांनी पत्र्याच्या ट्रंकेतून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला चष्मा आणि नळी काढली. काळं जाड रबर, लंबगोल काच. मला वाटलं, घेऊ आणि निघू. पण बापूराव म्हणाले, "घालून बघाय नगं का? दर्यात जाऊन कळायचं व्हय?" हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून आम्ही विहिरीवर गेलो.

दुष्काळात त्यांनी ही विहीर आणखी दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल नेली होती. गावातल्या सगळ्याच विहिरी अशा खोल गेल्या आणि त्यातूनच चष्म्याला काम लागलं होतं. कुणाच्या विहिरीत कळशी पडली, इंजनाच्या पाइपाचा व्हॉल्व्ह तळाशी अडकला, की लोक बापूरावांना बोलावत. म्हणजे चष्मा बापूरावांचा कमी आणि गावाचा जास्त होता. तो सांगलीची बाई नेणार म्हटल्यावर ज्यांच्या ज्यांच्या विहिरी होत्या ते सगळे बघायला जमले.

मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, पारूबाईंच्या हातात माझा रोजचा चष्मा दिला, रबरी चष्मा तोंडावर चढवला आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरले. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले.

हिरवा धूर. दुसरं काही नाही. हात पुढं केला तर तोही धुरात गेला.

"काय दिसलं?" वरून बापूराव ओरडले. "तळाला उजव्या अंगाला आमची तांब्याची कळशी हाय. दिसती का?"

मला कळशी कुठली दिसतेय! सात नंबरचा जाड चष्मा काढला की मला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. रोजचा चष्मा आत घालून वरून रबरी चढवावा म्हटलं, तर काड्यांपाशी फट पडली आणि पाणी भसाभसा नाकात शिरलं. मी खोकत पायरीवर बसले आणि डोक्याला हात लावला. विकत घ्यावा, भाड्यानं घ्यावा की मागून आणावा, यावर आम्ही पंधरा दिवस भांडलो होतो. कुणाचाही चष्मा आणला तरी त्यातून मला दिसणारच नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्या बाईला चष्म्याशिवाय स्वतःच्या पायाची बोटं दिसत नाहीत, त्या बाईच्या! मुंबईहून मागवला असता तरी हेच झालं असतं, एवढं मला कबूल करावं लागतं.

विहिरीवर सभा भरली. कुणी म्हणालं, बाईंनी घरी बसूनच शिकवावं. दिनकरराव म्हणाले, "जाऊ दे, आपण मालवणला नुसता समुद्र बघू." तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि ते मी ओल्या पदरात लपवलं. समुद्र मला बघायचाच नव्हता.

बापूराव चष्मा हातात फिरवत होते. "साताऱ्यात एक चष्मंवालं म्हातारं हाय," ते म्हणाले. "ह्या काचंला आतनं तुमच्या नंबरच्या काचा चिकटवून द्येईल. आमच्या नेव्हीत एका सायबानं केलतं तसं."

"पण मग तो दुसऱ्या कुणाला चालणार नाही," मी म्हणाले. "तुम्हालाही नाही. गावच्या विहिरींचं काय?"

"त्येच तर."

"मग मला तो विकत द्या. नवा येईल तेवढे पैसे..."

बापूरावांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"काल भाडं, आज इक्री," ते म्हणाले. "आवं वैनी, एवढं शिकला, पर घेयाला शिकला न्हाई. धरा. तुमचाच हाय आता. आमी डोळं उघडं ठिवून बुडी मारतो, आमाला काय लागतंय."

मी चष्मा घेतला. पैसे दिले असते तर सुटका झाली असती. आता त्या कळशीसकट ती विहीर माझ्या मानेवर बसली. पारूबाईंनी ओटी भरली, खण दिला, शिदोरी बांधली. गाडी सुटेपर्यंत बापूराव खिडकीशी उभे होते आणि ते कार्ड अजून त्यांच्या खिशात होतं.

सातारा

चष्मेवाले आजोबा एका बोळात, जिन्याखालच्या दुकानात बसत. त्यांनी वस्तू हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाई, हे घालून वाचायचं काय?" मी सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "जुना चष्मा आहे का?" माझ्या पिशवीत होता. त्याच्या काचा काढून, घासून, ते एका पारदर्शक चिकटणीनं आतून बसवणार होते.

"किती वेळ लागेल?"

"वाळायला उद्या दुपार."

"आजच नाही का होणार? आमची रजा..."

"होईल की. मग समुद्रात काचा गळून पडतील. चालेल?"

थांबलो. तिसरा दिवस साताऱ्यात गेला. किल्ल्याकडे बघून झालं, कंदी पेढे खाऊन झाले, दर दोन तासांनी त्या बोळात जाऊन आले. आजोबांनी रबरी चपलेचे तुकडे कापून काचांना टेकू दिला होता आणि वर हिशेबाची जाड वही ठेवली होती. "बघून बघून लवकर वाळत नाही," ते मला म्हणाले. दिनकररावांशी मी बोलत नव्हते. ते पेढ्यांचा पुडा पुढं करत होते आणि मी घेत नव्हते. नंतर घेतला, कारण पेढे चांगले होते.

शेवटी त्याच दुपारी आजोबांनी बादलीत बुडवून दाखवला. एक थेंब आत गेला नाही. "आता सुटणार नाही. काच फुटली तरच," ते म्हणाले. मी घातला आणि बोळाच्या टोकाची पाटी वाचता आली. दिनकररावांनी घालून बघितला आणि भिंतीला धडकले. मी किती झाले विचारलं. आजोबांनी सांगितलं, मी दिले, त्यांनी मोजून गल्ल्यात टाकले. चहा नाही, ओटी नाही, गहिवर नाही. त्या प्रवासात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून पैसे घेतले होते, मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

मालवण

कोल्हापूरपर्यंतचं, तिथल्या रात्रीच्या मुक्कामाचं आणि घाटातलं काही सांगत नाही. पोचलो तेव्हा चौथ्या दिवसाचं दिवेलागणीचं झालं होतं. सुमननं माशाची कढी आणि भात वाढला आणि सांगितलं की उद्या दुपारची गाडी चुकली तर परवा दिनकरराव बँकेत पोचत नाहीत. म्हणजे माझ्या वाट्याला एक सकाळ उरली होती.

होडीवाला किनाऱ्यावरच भेटला. त्यानं तासाचे पैसे सांगितले, मी हो म्हटलं, संपलं. त्यानं माझं गाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. मला हायसं वाटलं. मग होडी निघाल्यावर थोडं चुकल्यासारखंही वाटलं, हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. किल्ल्याला वळसा घालून तो एका जागी थांबला.

"हयसर जाळी फाटतत," तो म्हणाला. "तुमका ह्याच बघूचा आसा?"

"हो, हेच."

त्यानं मान हलवली. मी दिनकररावांचा सदरा आणि पायजमा घातला होता. चष्मा चढवला, नळी तोंडात धरली आणि उतरले.

आधी नुसती निळसर हिरवळ, मग वाळू, मग खडक. खडकावर काहीतरी तपकिरी, लव आल्यासारखं. मी मनात लालभडक काहीतरी धरून आले होते, माळेतल्या पोवळ्यासारखं. हे तर चहाच्या रंगाचं होतं. क्षणभर वाटलं, आलो ते फुकट. मग श्वास धरून खाली गेले, हातभर अंतरावर थांबले, आणि त्या सात नंबरच्या काचांतून दिसलं की ती लव नव्हती. एकेक देठ वेगळा होता, आणि एकेका देठाच्या टोकाला बारीक फूल होतं, आणि पाणी हललं की सगळी फुलं एका बाजूला झुकत होती. मी वर आले ते ओरडतच.

"अहो, बघा! बघा तुम्ही!"

चष्मा ओढून काढला आणि त्यांना दिला. ज्यांना पोहता येत नाही ते आमचे हेडकॅशियर होडीत पालथे झोपले, होडीवाल्यानं त्यांचे पाय धरले, आणि त्यांनी तोंड पाण्यात घातलं. बराच वेळ घातलं. वर आले तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं.

"दिसलं?"

"हो. फार सुंदर."

"काय दिसलं?"

"हिरवं," ते म्हणाले.

यांची नजर स्वच्छ, अजून सुईत दोरा ओवतात. माझ्या काचांतून त्यांना धुक्याशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांच्यात वाटून वापरायच्या वस्तूंना मी कंटाळले होते. एक वस्तू अशी मिळाली की ती माझ्याशिवाय कुणालाच चालत नाही, आणि नेमकी तीच मला कुणाला तरी द्यायची होती. त्या होडीच्या कडेला लोंबकळत मला बापूरावांची आठवण झाली, आणि इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना.

"खोटं कशाला बोलता?" मी म्हणाले.

"बरं, नाही दिसलं," ते म्हणाले. "तू बघ आणि मला सांग."

मग मी खाली जायची, बघायची, वर येऊन सांगायची. देठ करंगळीएवढे. रंग तपकिरी, टोकाला पिवळट. मध्ये तोंडाचा ठिपका. भुजा मोजायला तीनदा जावं लागलं.

"चोवीस!" मी ओरडले. "सहाच्या पटीत!"

"नीट मोजल्यास?"

"नीट मोजल्या."

"एकदा परत मोज," दिनकरराव म्हणाले. पंचवीस वर्षं नोटा मोजणारा माणूस, दुसरं काय म्हणणार! दुपारची गाडी, उतरत चाललेलं पाणी, होडीवाल्याचा तास, सगळं डोक्यावर होतं. मी चिडूनच खाली गेले. तेच फूल पुन्हा धरलं, चुकू नये म्हणून बोट पुढं केलं आणि मोजायला लागले. सात, आठ, नऊ. बोट बहुतेक जरा जास्तच जवळ गेलं. त्यानं सगळ्या भुजा एकदम आत ओढून घेतल्या. मग शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि बघता बघता हातभर खडक मिटला.

मी वर आले. होडीची कड धरली. नळी तोंडातून काढली.

"किती?" दिनकररावांनी वाकून विचारलं.

"जिवंत आहे हो," मी म्हणाले.